पुंडलिकरावांची वीस फुटांची रेघ

सौंसरच्या आसपास कुणाला संत्र्याची नवी बाग लावायची असेल, तर कलमं कुठून आणायची यावर घरात चार मतं असतात. खड्डे कुणाकडून खणून घ्यायचे यावर दोन. पण आखणी कुणी करायची यावर मत एकच. पुंडलिकरावांना बोलवा.

पुंडलिकराव बोरगावचे. वय अडुसष्ट, अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर दोराचं वेटोळं. दोर अंबाडीचा, त्यांनी स्वतः वळलेला. त्याला दर वीस फुटांवर एक लाल चिंधी बांधलेली आहे. त्या चिंध्या त्यांच्या बायकोच्या, देवकाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या. वावराच्या एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला खुंटी, मध्ये हा दोर ताणायचा आणि जिथे लाल चिंधी येईल तिथे चुन्याची चिमूट टाकायची. तिथे खड्डा, तिथे झाड. त्यांनी आखलेल्या बागेत कुठेही उभं राहून उभं बघा, आडवं बघा, तिरपं बघा, झाडं एका ओळीतच दिसतात. चाळीस वर्षं हा माणूस वीस-वीस फूट मोजतो आहे.

मी प्रज्ञा. सौंसरच्या नगरपालिकेत नळाच्या तक्रारींच्या टेबलावर बसते. आठवडाभर लोकांची बोलणी खाते आणि रविवारी गळ्यात शिटी अडकवून मुलींच्या बास्केटबॉल लीगची पंच होते, म्हणजे तिथेही बोलणीच खाते. माझा राग नाकावर असतो असं आमच्या घरचे म्हणतात. असेल. पण पुंडलिकरावांचा मला जेवढा राग आलेला आहे तेवढा कुणाचाच आला नाही, आणि आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर कौतुकच लिहून होतं आहे. याचाही मला थोडा राग आहे.

बास्केटबॉल आणि पुंडलिकराव यांची गाठ चार वर्षांपूर्वी पडली. सौंसरच्या एका शाळेमागे सिमेंटचं मैदान झालं आणि आमचे क्रीडाशिक्षक गजेंद्र सर यांनी पेंटरकडून रेषा मारून घेतल्या. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याचं अक्षर सुरेख, पण सरळ रेघेशी त्याचं वैर होतं. पुंडलिकराव त्या दिवशी त्यांच्या नातीला, सुचिताला, सरावाला सोडायला आले होते. मैदानाच्या कोपऱ्यात ते एक डोळा मिटून बराच वेळ उभे राहिले.

"सर, हे कोनं काढलं?"

"पेंटरनं. काहून, काकाजी?"

"माह्या पोटात दुखून राहिलं ना हे पाहून. या इकडे, इथून पाहा. बुडखा एकीकडे, शेंडा दुसरीकडे. अशी बाग मी लावली असती तं देवकानं मले जेवाले नसतं देल्लं."

दुसऱ्या दिवशी ते दोर, खुंट्या आणि चुना घेऊन हजर झाले. पण कुठली रेघ किती फुटांवर, हे कळल्याशिवाय ते हात लावीनात. म्हणून सरांनी त्यांना नियमांची हिंदी पुस्तिका दिली. हीच सरांची चूक. मापांपुरती उघडलेली ती पुस्तिका या माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि परत वाचली. महिनाभरात तिचं वरचं पान निघालं. चेंडू न आपटता किती पावलं चालतात, एकदा थांबवलेला चेंडू परत आपटता येतो का, धक्का कशाला म्हणायचं आणि नुसत्या लागण्याला काय म्हणायचं, सगळं पाठ. जन्मात कधी चेंडू हातात धरला नव्हता, पण माझी शिटी चुकली की शनिवारच्या बाजारात मला गाठून कलम क्रमांक सांगायचे. कोथिंबिरीच्या ढिगासमोर उभं राहून मी स्वतःची चूक कबूल केलेली आहे.

टोपलीभोवतीच्या त्या मोठ्या अर्धगोलावर मात्र त्यांचा खास जीव जडला. त्या रेघेच्या बाहेरून चेंडू टोपलीत पडला तर तीन गुण, आतून पडला तर दोन. माप पावणेसात मीटर, म्हणजे बावीस फूट आणि वर दोनेक इंच. एवढ्यासाठी त्यांनी दोराला एक नवी, पांढरी चिंधी बांधली. आमचं मैदान अरुंद, त्यामुळे अर्धगोल सरळ कडेच्या रेषांना जाऊन भिडतो. टोपलीखाली दोराचं टोक धरायला सुचिताला बसवायचं, पांढरी चिंधी चिमटीत पकडायची आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन वाकून, मागे न बघता, एका दमात अर्धगोल पुरा करायचा. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस जन्मभर हेच करत आला आहे.

मग लीग सुरू झाली. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव आणि बोरगाव, चौदा वर्षांखालच्या मुलींचे चार संघ. (बोरगावचा संघ असताना सुचिता सौंसरकडून का खेळते, असं विचारू नका. ती शाळा सौंसरला शिकते, आणि या प्रश्नावर पुंडलिकरावांकडे तीन कलमं तयार आहेत.) पुंडलिकराव लीगच्या समितीवर आले आणि नियम करायला लागले. पंचाला बोलणाऱ्या पालकाने दोन्ही संघांना पाणी भरून द्यायचं, हा त्यांचा पहिला नियम. या नियमाचा सगळ्यात जास्त लाभ पांढुर्ण्याच्या भैय्याजींना झाला. भैय्याजींचं तिथे बी-बियाण्याचं दुकान आहे, मुलगी सोनाली पांढुर्णा संघाची कप्तान, आणि आवाज असा की मैदानाला लाउडस्पीकर लागत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी इतक्या वेळा पाणी भरलं की मुली त्यांना बघूनच बाटल्या पुढे करायला लागल्या.

दुसरा नियम झाला तो मोहगाव आणि बोरगावच्या सामन्यानंतर. त्या दिवशी पालकांनी मोबाइलवरचे व्हिडिओ एकमेकांच्या नाकासमोर नाचवत अंधार पडेपर्यंत भांडण केलं. पुढच्या बैठकीत पुंडलिकराव उठले.

"दोराले दोन खुंट्या पाह्यजेत," ते म्हणाले. "एक खुंटी शिटी, दुसरी सही. पंचानं कागदावर सही केली की निकाल पक्का. मंग कोनी काही म्हनाचं नाई. देव आला तरी नाई."

"अन् सहीनंतर चूक सापडली तं?" भैय्याजींनी विचारलं होतं.

"तरी नाई. खुंटी हालली की सारी बाग वाकडी होते."

सगळ्यांनी हात वर केले. नियम पास झाला. पुढे काय होणार आहे हे तेव्हा त्यांना कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी ऐकलं नसतं.

आता सुचिताबद्दल. तेरा वर्षांची, उंचीने संघात सगळ्यात कमी, आणि आजोबांसारखीच हट्टी. पहिली दोन वर्षं ती बाकावरच बसली. तिसऱ्या वर्षी पाच-सात मिनिटं मैदानावर यायला लागली. मोठ्या सामन्यात तिने एकही टोपली केली नव्हती. बागेत दोन झाडांच्या मधे आजोबांनी बांधून दिलेल्या लोखंडी कड्यात मात्र ती रोज शंभर वेळा चेंडू टाकायची. पुंडलिकराव लीगमध्ये सगळ्यांना सारखं वागवायचे, नातीचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. पण ती मैदानात उतरली की त्यांच्या हातातला दोर आपोआप पिळला जायचा. मी टेबलाशेजारी उभी असते, मला दिसायचं.

मागच्या वर्षी अंतिम सामना ठरला सौंसर विरुद्ध पांढुर्णा, आमच्या मैदानावर, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. आता बाहेरच्या माणसाला यातली गोम कळायची नाही. पांढुर्णा नवा जिल्हा झाला, जिल्ह्याचं ठिकाण तिकडे गेलं, आणि तेव्हापासून सौंसरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच सूर होता. त्यांना जिल्हा भेटला, आम्हाला काय? निदान कप तरी इकडे राहू द्या! मीही मनातल्या मनात हेच म्हणत होते. पंचाने असं म्हणू नये, पण मन शिटी ऐकत नाही.

या सामन्यासाठी मैदानाला नवा हिरवा रंग दिला. जुन्या रेषा झाकल्या गेल्या. शनिवारी सकाळी धुक्यात पुंडलिकराव आले आणि सगळ्या रेषा नव्याने मारल्या. एका बाजूचा अर्धगोल झाला, गजेंद्र सरांकडून चहा आला, चहा झाला, मग दुसऱ्या बाजूचा अर्धगोल झाला. सगळं इतकं देखणं दिसत होतं की मुली बूट घालून आत जायला तयार होईनात.

सामना मी जन्मात विसरणार नाही. चारशे माणसं असतील. मध्यंतराला आमच्याकडे यजमान संघाने पाहुण्या संघाला संत्री सोलून द्यायची रीत आहे. त्या दिवशी सौंसरच्या मुलींनी दिलेली संत्री पांढुर्ण्याच्या मुलींनी खाल्ली आणि परत येऊन पाच मिनिटांत आठ गुण केले. "अजून खाऊ घाला!" असं मागून कुणीतरी ओरडलं. शेवटची काही सेकंद उरली तेव्हा पांढुर्णा तीस, सौंसर अठ्ठावीस. आमची कप्तान अमिता दोघींमध्ये अडकली. तिने चेंडू मागे फेकला, आणि तो मिळाला अर्धगोलाच्या बाहेर एकट्या उभ्या असलेल्या सुचिताला. तिच्यावर कुणी लक्षच ठेवलं नव्हतं. कशाला ठेवतील?

तिने टाकला. मी तिच्या पायांकडे बघत होते, ते माझं काम. दोन्ही पाय रेघेच्या बाहेर, चांगली चार बोटं जागा सोडून. वर काय झालं ते मला आवाजावरून कळलं. मी तीन बोटं वर केली. एकतीस-तीस. घंटा वाजली.

मग जे झालं त्याला वर्णन नाही. सुचिताला खांद्यावर घेतलं, खाली पाडलं, परत घेतलं. देवकाबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या आणि रडत होत्या. मी गुणपत्रक तपासलं. त्या बाजूच्या टोपलीत अख्ख्या सामन्यात लांबून पडलेला हा एकच चेंडू होता. मी सही केली.

तेवढ्यात गजेंद्र सरांना सुचलं. सुचिता जिथून चेंडू टाकला तिथे उभी आहे असा फोटो काढायचा आणि अंतरासकट ग्रुपवर टाकायचा. "काकाजी, मोजा बरं! किती फुटावरून टाकला ते लिहितो खाली."

पुंडलिकराव छाती पुढे काढून आले. टोपलीखाली दोराचं टोक एका मुलीला धरायला दिलं आणि दोर सोडत सोडत सुचितापर्यंत गेले. ताणला. खाली बघितलं. रेघेवर लाल चिंधी होती. पांढरी चिंधी रेघ ओलांडून दोन फूट पलीकडे, सुचिताच्याही मागे जाऊन पडली होती.

ते तसेच वाकून राहिले. शनिवारच्या चहानंतर दोर परत हातात घेतला तेव्हा बोटांनी चाळीस वर्षांच्या सवयीने लाल चिंधी शोधली होती, आणि डोक्याला विचारलंही नव्हतं. बास्केटबॉलच्या मैदानावर त्यांनी संत्र्याच्या बागेचा अर्धगोल काढला होता.

"किती, काकाजी?" सर मोबाइल सरसावून उभे. "बावीस लिहू?"

हे मी चार पावलांवरून बघत होते. त्यांनी नुसतं "हाव" म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पुढच्या रंगाखाली ती रेघ गेली असती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी सुचिताकडे बघितलं. पोरगी फोटोसाठी केस नीट करत होती, एवढी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. तोंडावर कुणी मारावं तसा त्या म्हाताऱ्याचा चेहरा झाला होता. मला तेव्हा कळलं नाही का. मग ते सरळ झाले.

"वीस," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "पंचबाई, ही रेघ खोटी आहे. मी चुकलो. दोन फूट आत काढली. हे तीन नाई, दोनच होतात."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. चारशे माणसं एकदम बोलायला लागली. आमच्या लोकांनी तर कपाळावर हात मारून घेतला. "काकाजी, चूप बसा ना! कोनी विचारलं होतं तुमाले?" एक जण तर म्हणाला की दोर ताणून लांबला असेल. भैय्याजी गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांच्या हातात अजून पाण्याचा कॅन होता.

"तीस-तीस होतात! बराबरी! जास्तीचा खेळ झाला पाह्यजे! मॅडम, बदला कागद!"

मी कागद वर धरला. खाली माझी सही, शाई अजून ओली. "सही झाली आहे, भैय्याजी. नियम तुम्हाला माहीत आहे. नियम कुणाचा, तेही माहीत आहे."

सगळे पुंडलिकरावांकडे बघायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! एवढंच करायचं होतं तर पाच मिनिटं आधी मोजायचं होतं. सही झाल्यावर खरं बोलून मिळवलं काय? पोरीचा आनंद घालवला आणि पांढुर्ण्याला काही दिलंही नाही.

"नियम बराबर आहे," ते हळू म्हणाले. "निकाल बदलाचा नाई. सौंसर जिंकली. पन रेघ खोटी आहे हे मले सांगाच लागन. उन्हाळ्यात भैय्याजीच्या तीनशे झाडाची आखनी कराची आहे मले. तिथं कोनत्या तोंडानं दोर तानू?"

सुचिता आजोबांकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "आबाजी, मी एकच टोपली केली होती," ती म्हणाली. "एकच."

पुंडलिकराव हातातला दोर पिळत राहिले.

तोडगा काढला तो अमिताने. ती पुढे आली, नुकताच हाती आलेला कप तिने मैदानाच्या बरोबर मध्ये ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, तो कागद राहू द्या तसाच. त्याच्यावर सही आहे. नवीन कागद घ्या. आम्ही अजून पाच मिनिटं खेळतो. जो जिंकन, कप त्याचा. चालते का, सोनाली?"

सोनालीने वडिलांकडे बघितलंसुद्धा नाही. "चालते. पन पयले लाइन सुधरा."

असं दृश्य मी परत बघेन असं वाटत नाही. पुंडलिकरावांनी दोर काढला, टोपलीखाली टोक धरायला सोनाली बसली, आणि भैय्याजींनी शेजारच्या दुकानातून लोखंडी टेप आणायला माणूस पिटाळला. अडुसष्ट वर्षांचा माणूस पांढरी चिंधी चिमटीत धरून चारशे लोकांसमोर वाकून आपली चूक पुसत नव्हता, तिच्या बाहेरून खरी रेघ काढत होता. रंग वाळायला वेळ नव्हता म्हणून खडूची रेघ. टेप लावली. अर्ध्या इंचाचाही फरक नाही. "हं," भैय्याजी म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पाच मिनिटं सुरू झाली. तीस-तीसवरून. मुली अशा खेळल्या की आधीचा सामना सराव वाटावा. सुचिता रागाने लाल झाली होती, आणि रागात ती दुप्पट पळत होती. तिने एकदा चेंडू हिसकावला, एकदा अमिताला नेमका दिला. पण शेवटची दहा सेकंद उरली तेव्हा पांढुर्णा एका गुणाने पुढे होतं, पस्तीस-चौतीस. सोनालीने चेंडू पुढे फेकला, सुचिता झेपावली, चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला.

चेंडूला शेवटी ज्याचा हात लागतो, त्याच्या विरुद्ध संघाला तो मिळतो, आणि मला शेवटचा हात सोनालीचाच दिसला. मी सौंसरकडे बोट केलं. चेंडू सौंसरचा, दहा सेकंद, एक टोपली आणि कप आमचा. आमची माणसं छपरावर चढायची बाकी होती. भैय्याजींनी तोंड उघडलं, मग कॅनकडे बघितलं आणि मिटलं.

सुचिता रेषेवर उभी होती. तिने आजोबांकडे बघितलं. असं बघितलं की मी त्यांच्या जागी असते तर घरी गेले असते. मग तिने उजवा हात वर केला.

"मॅडम, माह्या बोटाले लागून गेला."

"काय?"

"माह्या बोटाले लागला शेवटी. त्यायचा चेंडू आहे."

मी पंच आहे. मला विरघळायची परवानगी नाही. मी बोट पांढुर्ण्याकडे फिरवलं आणि शिटी वाजवली, पण ती नीट वाजलीच नाही. दहा सेकंद पांढुर्ण्याच्या मुलींनी चेंडू एकमेकींत फिरवला. घंटा वाजली. कप पांढुर्ण्याचा.

आधी काही वेळ कुणालाच कळेना की ओरडायचं कुणी. मग सोनाली धावत आली आणि तिने सुचिताला कमरेला धरून उचललं. मागून तिचा अख्खा संघ आला, मग आमचा आला, आणि मग कोण जिंकलं ते बाहेरून बघणाऱ्याला ओळखू येणार नाही असा गोंधळ झाला. संत्र्याच्या दोन पेट्या फुटल्या. भैय्याजींनी, कुणी सांगितलं नसताना, सगळ्यांना पाणी भरून दिलं.

पुंडलिकराव टोपलीच्या खांबाला टेकून जमिनीवर बसले होते आणि दोर गुंडाळत होते. गुंडाळून झालेला दोर परत सोडत होते, परत गुंडाळत होते. डोळ्यांतलं पाणी टोपीने पुसत होते आणि ते कुणाला दिसत नाही असं त्यांना वाटत होतं. सुचिता त्यांच्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबाजी, चालाचं ना घरी? का अजून काही मोजाचं राहिलं?"

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवून हसले. आणि मला त्यांचा जो राग आला होता तो कुठे गेला ते मला आजवर सापडलेलं नाही. तिने हात दिला, ते उठले, आणि दोराचं वेटोळं तिने आपल्या खांद्यावर घेतलं.

जानेवारीच्या बैठकीत पुंडलिकरावांनी सांगितलं की आपण आता रेषा काढणार नाही, हाताचा भरवसा राहिला नाही. यावर भैय्याजी उभे राहिले. "रेघा तुमीच काढाच्या. अन् माह्या बागेची आखनी बी तुमीच कराची. चूक झाली तं सांगनारा मानूस मले दुसरा कुठून भेटन? पन टेप मी लावून पाहीन, हे आताच सांगून राहिलो." तेव्हापासून लीगचा नियमच झाला: रेषा यजमानांनी काढायच्या आणि पाहुण्यांनी मोजायच्या. भैय्याजींची तीनशे झाडं उन्हाळ्यात आखली गेली. एकही ओळीबाहेर नाही. टेप लावून बघितलं म्हणे त्यांनी, तीन वेळा.

कप पांढुर्ण्याच्या शाळेत काचेच्या कपाटात आहे. सौंसर विजयी लिहिलेला, माझ्या सहीचा कागद आमच्या फाइलमध्ये आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत असं पुंडलिकराव म्हणतात. मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे कलम असणार.

राहिली ती खोटी रेघ. यंदा मैदान रंगवायला घेतलं तेव्हा लहान मुली, नऊ-दहा वर्षांच्या, तिच्यावर बसून राहिल्या. उठेचनात. बावीस फुटांवरून त्यांचा चेंडू टोपलीपर्यंत पोचतच नाही, आणि वर्षभर त्या या आतल्या रेघेवरून आपसात तीन-तीन गुण मोजत होत्या. त्यांची कप्तान असल्यासारखी सुचिता समितीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, यांच्यासाठी ही रेघ राहू द्या. सगळ्यांनी हात वर केले. पुंडलिकरावांनी सगळ्यात शेवटी केला, आणि खाली घ्यायला विसरले.

गेल्या शनिवारी सकाळी ते आले. दोन्ही बाजूंचे पांढरे अर्धगोल काढले. चहा झाला. मग त्यांनी पिवळा रंग मागितला, सुचिताला टोपलीखाली बसवलं, दोर ताणला, आणि ब्रश टेकवण्याआधी मला हाक मारली.

"पंचबाई, या येळेस लाल चिंधी जानूनबुजून धरून राहिलो. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. खाली सही केली.